खिडकीच्या बगला: भिंतीला आतून इन्सुलेशन करताना बॅटन आणि प्लास्टरबोर्ड कसे बसवायचे?

रेडिंगवासी

मंडळी, घरदुरुस्तीचा प्रश्न आहे आणि जरा लांबलचक आहे. इथल्या दोन-चार जणांनी विलायतेतली जुनी घरं स्वतःच्या हातानं उकरलेली आहेत हे ठाऊक आहे, म्हणून इथेच विचारतो.

रेडिंगमध्ये टेरेस घर, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या रांगेतलं घर घेतलंय, साधारण १९०० च्या सुमाराचं. दोन्ही अंगांना शेजारी, त्यामुळे थंडी खाणाऱ्या भिंती दोनच, पुढची आणि मागची. नऊ इंची भरीव वीटकाम, मधे पोकळी नाही, आतून चुन्याचा गिलावा. मूळच्या वर-खाली सरकणाऱ्या सॅश खिडक्या आधीच्या मालकानं काढून यूपीव्हीसीच्या बसवल्या आहेत. पुढच्या भिंतीवर लाल आणि करड्या विटांची सुंदर नक्षी आहे, ती झाकायला मन धजत नाही. म्हणजे बाहेरून इन्सुलेशन बाद, जे काय करायचं ते आतून.

बेत असा आहे: गिलावा पूर्ण खरवडायचा, विटेवर ५० बाय ५० च्या लाकडी बॅटन, म्हणजे रिपा, दर ४०० मि.मी.वर उभ्या मारायच्या, मधल्या गाळ्यांत ५० मि.मी. पीआयआर (कडक फोमचे इन्सुलेशन बोर्ड) कापून बसवायचं आणि वरून साडेबारा मि.मी.चा प्लास्टरबोर्ड, म्हणजे जिप्समचा बोर्ड. सपाट भिंत डोक्यात बसली आहे, अडलंय ते खिडकीपाशी. बॅटन खिडकीच्या किती जवळ मारायची? कडेला ड्रिल मारलं की विटेचा टवका उडतो. खिडकीच्या आतल्या बाजूंना, म्हणजे ज्याला इथे रिव्हील म्हणतात त्या बगलांना, बॅटन मारायला जागाच नाही. चौकट जेमतेम ६० मि.मी. दिसते. मग त्या तशाच गिलावा करून सोडल्या तर चालेल का? नाहीतरी क्षेत्रफळ किती ते!

सदाशिव_खवचट

चालेल की. आमच्याकडे खिडकी उघडली की इन्सुलेशन संपलं. तुम्ही लोक आधी थंड देशात जाता आणि मग भिंतींना स्वेटर घालत बसता.

तिरका_ओळंबा

खवचटराव, तुम्ही चहा घ्या.

रेडिंगवासी, आधी तुमच्या बेताच्या मुळावरच घाव घालतो, राग मानू नका. खिडकीकडे मग येऊ.

पीआयआर बॅटनच्या मधे बसवणं म्हणजे दर ४०० मि.मी.वर थंडीला एक पूल बांधून देणं. पीआयआरची उष्णतावाहकता ०.०२२ च्या आसपास, मऊ लाकडाची ०.१३, म्हणजे लाकूड जवळपास सहापट कच्चं. तुमच्या भिंतीची यू-व्हॅल्यू (भिंतीतून ऊब किती निसटते त्याचा आकडा, कमी तेवढा चांगला) आज २.१ धरली आणि ५० मि.मी. पीआयआरचा सलग थर लावून वर प्लास्टरबोर्ड चढवला, तर ती ०.३६ वर येते. तेच पीआयआर, त्याच जाडीचं, ४०० वरच्या बॅटनच्या मधे घातलं की हिशेब ०.४७ च्या घरात जातो. पैसे तेवढेच, मेहनत जास्त, कारण प्रत्येक गाळ्यात बोर्ड घासून घासून बसवायचा. आणि घरी करवतीनं कापलेला तुकडा कधीच फटीशिवाय बसत नाही.

म्हणून क्रम उलटा करा. आधी सलग ६० मि.मी. पीआयआर, सांध्यांवर ॲल्युमिनियमची टेप, त्यावर २५ बाय ५० च्या बॅटन, त्यातून लांब फ्रेम फिक्सिंग (गिट्टीसकट येणारा लांब स्क्रू) थेट विटेत, मग बॅटनवर बोर्ड. ६० चं पीआयआर आणि २५ ची बॅटन मिळून ८५ होतात, विटेत किमान ५० शिरायला हवेत, म्हणजे १४० ते १५० मि.मी. लांबीचं फिक्सिंग लागेल; मागे जुना गिलावा ठेवलात तर त्याची जाडीही त्यात मिळवा. २५ ची जी पोकळी राहते तिच्यासमोर पीआयआरचा चकचकीत पत्रा येतो, त्याचाही थोडा फायदा मिळतो. एकूण ०.२७ च्या आसपास. इंग्लंडमध्ये अशा भिंतीच्या निम्म्याहून जास्त भागाचं काम काढलं की ०.३० चं उद्दिष्ट गाठणं अपेक्षित आहे आणि बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे बांधकामाचे नियम तपासणाऱ्यांना, कळवावं लागतं, हे माहीत असेलच. वायरिंगही त्या पोकळीतून जाते, पीआयआरला भोकं पाडावी लागत नाहीत.

गिलावा पूर्ण खरवडू नका. घट्ट असेल तिथे ठेवा, वॉलपेपर आणि पोपडे तेवढे काढा. जुना गिलावा हवा अडवतो. उघड्या विटांच्या सांध्यांतून वारा आत येतो आणि बोर्डामागे फिरतो; मग पुढे कितीही जाड इन्सुलेशन असलं तरी त्याच्या पाठीमागून थंड हवा वाहत राहते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, बगला सोडल्या तर चालेल का. नाही. का ते आकड्यांत सांगतो. बाहेर ० अंश, आत २० धरा. आज तुमच्या भिंतीचा आतला पृष्ठभाग १४.५ अंशांवर असेल. इन्सुलेशन झालं की बोर्डाचा पृष्ठभाग १९ च्या वर जाईल, छान. पण त्यामागची वीट, जी काल १४.५ वर होती, ती २ अंशांच्या आसपास येईल, कारण घराची ऊब तिच्यापर्यंत आता पोचतच नाही. आणि हीच वीट वळसा घेऊन खिडकीच्या बगलेत तुमच्या खोलीकडे उघडी राहणार. म्हणजे बगल आज आहे त्यापेक्षा जास्त थंड होणार. २० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १२ अंश. बगल त्याखाली गेली की तिला पाणी सुटतं. बुरशीला तेवढीही वाट बघावी लागत नाही, पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांवर रेंगाळली तरी तिला पुरतं.

क्षेत्रफळ थोडं आहे खरं. पण खोलीतला सगळा ओलावा त्याच थोड्या क्षेत्रफळावर जाऊन बसणार.

मोगरा_मँचेस्टरी

ओळंबादादा म्हणताहेत ते मी डोळ्यांनी बघितलंय. भाड्याच्या घरात होतो. घरमालकानं एका कंत्राटदाराकडून आतल्या भिंतींना इन्सुलेटेड बोर्ड लावून घेतले, खिडकीच्या कडेपर्यंत अगदी सुबक. बगलांना नुसता पातळ गिलावा. पहिल्याच हिवाळ्यात खिडकीभोवती काळी चौकट उमटली, वर-खाली, दोन्ही बाजूंना, जणू फूटपट्टीनं आखून. मधली भिंत मात्र स्वच्छ. मालक म्हणाले तुमच्या फोडण्यांची वाफ. आता फोडणी तर आम्ही इन्सुलेशनच्या आधीही देत होतो!

ब्लीच मारायचो, महिन्याभरात परत यायची. शेवटी घरच सोडलं.

रेडिंगवासी

बरं, मग बगलांना इन्सुलेशन हवंच. पण ६० मि.मी. दिसणाऱ्या चौकटीवर ६० चं पीआयआर आणि वर बोर्ड चढवला तर चौकटच नाहीशी होईल, खिडकीच्या बिजागऱ्याही अडकतील.

नेकरकाठ

मी स्टुटगार्टला जुन्या इमारतीत राहते. इथे आतून इन्सुलेशन करताना बगलांसाठी वेगळे पातळ बोर्ड दुकानातच मिळतात, १५, २० किंवा २५ मि.मी.चे, बहुतेक कॅल्शियम सिलिकेटचे. भिंतीइतकी जाडी तिथे कोणी मागतच नाही. जर्मन मानकाची अपेक्षा वेगळ्या पद्धतीनं मांडलेली आहे: बाहेर उणे ५, आत २० असताना आतल्या पृष्ठभागाचं तापमान कोपऱ्यांतसुद्धा १२.६ अंशांच्या खाली जाऊ नये. बगलेला तेवढं साधायला पातळ थर बहुतेक वेळा पुरतो. भिंतीवरचा थर बिल वाचवतो, बगलेवरचा थर बुरशी टाळतो. दोघांची कामं वेगळी, त्यामुळे जाडीही वेगळी.

कॅल्शियम सिलिकेटचा आणखी एक गुण म्हणजे ते पाणी शोषून घेतं आणि हवा कोरडी झाली की सोडून देतं, शिवाय अल्कधर्मी असल्यामुळे बुरशीला आवडत नाही. पण त्यावर साधा प्लास्टिक रंग मारायचा नाही, नाहीतर सगळं मुसळ केरात. सिलिकेट रंग किंवा चुना.

तिरका_ओळंबा

नेकरकाठताईंनी नेमकं सांगितलं. इंग्लंडमध्ये मी २५ मि.मी. पीआयआर आणि साडेबाराचा बोर्ड असं करतो. जागा कुठून आणायची? बगलेवरचा जुना गिलावा. भिंतीवरचा ठेवा म्हटलं, पण बगलेवरचा खरवडा. तिथे २० ते २५ मि.मी. सहज निघतात. म्हणजे इन्सुलेशन गिलाव्याच्या जागी गेलं, चौकटीवर फक्त बोर्ड आला. बिजागऱ्यांची बाजू आधी तपासा: पल्ला पूर्ण उघडून बघा, कुठे घासतो ते पेन्सिलीनं खुणा करून ठेवा.

गिलावा काढला की आणखी एक गोष्ट दिसेल. यूपीव्हीसी बसवणाऱ्यांनी चौकट आणि वीट यांच्यामधली फट बहुतेकदा नुसत्या प्लास्टिकच्या पट्टीनं झाकलेली असते. मागे बोट जाईल एवढं भोक. ते आधी फोमनं भरा, वाळल्यावर कापा, वरून हवाबंद टेप चौकटीपासून विटेपर्यंत. हे नंतर कधीच करता येत नाही, बोर्डाखाली गेलं की गेलं.

बगलेत बॅटन मारूच नका. पीआयआर चिकटलेला तयार बोर्ड घ्या, मागच्या बाजूला चारही कडांनी पीयू फोमची सलग रेघ, मधे एखादी नागमोडी, आणि दाबून बसवा. चार कडांची सलग रेघ महत्त्वाची. नुसते गोळे लावले तर मागे हवा फिरते. फोम घट्ट होईपर्यंत आडव्या काठीनं समोरासमोरचे दोन्ही बोर्ड एकमेकांवर दाबून धरता येतात.

रंधा

मी पुण्यात इंटिरियरची कामं घेतो. जिप्समचं काम रोजचं आहे, पण आमच्याकडे सगळं जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याच्या) चॅनेलवर, लाकूड जवळजवळ बंदच. वाळवी नको, ओळंब्यात सरळ, काम झटपट. तुम्ही लाकडाच्या रिपा का मारता?

बोर्डाबद्दल मात्र एक सांगतो, ते देश बदलला तरी बदलत नाही. खिडकीच्या कोपऱ्याच्या रेषेत बोर्डाचा सांधा आणायचा नाही. कधीच. खिडकीच्या कडेला सरळ बोर्ड संपवून वर दुसरा तुकडा लावला की कोपऱ्यातून तिरकी भेग जाणारच; भरून रंगवली तरी पुढच्या मोसमात परत हजर. विटांच्या गिलाव्यातसुद्धा खिडकीच्या कोपऱ्यातूनच भेग निघते, बघा कुठल्याही इमारतीत. भोकाच्या कोपऱ्यावर ताण गोळा होतो. म्हणून पूर्ण बोर्ड घ्यायचा आणि त्यातून खिडकीचा कोपरा कोरून काढायचा, म्हणजे एकच बोर्ड बाजूनं वर जाऊन खिडकीच्या डोक्यावर वळतो. सांधा घ्यायचा तो खिडकीच्या डोक्यावर मध्यभागी.

माल वाया जातो म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं. त्या कापलेल्या तुकड्यातून बगलांचे तुकडे काढायचे, हिशेब जुळतो.

तिरका_ओळंबा

रंधाशेठ, चॅनेल इथेही वापरतात. पण थंड विटेला पोलाद थेट टेकवलं तर ते लाकडापेक्षा कितीतरी वाईट पूल होतं. सलग इन्सुलेशनच्या आतल्या, उबदार बाजूला चॅनेल घेतलं तर काहीच हरकत नाही. घरी एकट्यानं काम करणाऱ्याला लाकूड सोपं, एवढंच.

बोर्डाच्या सांध्याबद्दल शंभर टक्के सहमत. म्हणूनच बॅटनची आखणी खोलीच्या कोपऱ्यातून सुरू करू नका, खिडकीपासून करा. खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या, डोक्यावरच्या आणि सिलखालच्या (सिल म्हणजे खिडकीच्या तळाची फळी) पट्ट्या आधी ठरवा. मग खिडकीच्या मध्यावर एक उभी खूण करा, कारण वरचा सांधा तिथे येणार, त्याला मागे लाकूड लागेल. त्यानंतर उरलेल्या भिंतीवर दोन्हीकडे ६०० किंवा ४०० नं पुढे जा. बोर्ड १२०० रुंद आहे, दोन्ही आकड्यांनी भाग जातो. खोलीच्या कोपऱ्यात येणारा शेवटचा गाळा वेडावाकडा आला तरी कोणाला दिसत नाही.

विटेची कड फुटण्याचा प्रश्न. खिडकीभोवती ५० रुंदीची बॅटन न घेता १०० रुंदीची घ्या, जाडी तीच २५. फिक्सिंग तिच्या लांबच्या अर्ध्यात, विटेच्या कडेपासून ७० मि.मी. तरी आत. जवळचा अर्धा भाग कडेपर्यंत येतो आणि कोपऱ्यावर बोर्डाला आधार देतो. भोक पाडताना हातोड्याचा मोड बंद, नुसतं फिरवून, धारदार बिटनं. वेळ लागतो, पण कड शाबूत राहते. विटेतच मारा, जुन्या चुन्याच्या सांध्यात गिट्टी धरत नाही, नुसती फिरते.

कोपऱ्यावर इन्सुलेशन तुटू देऊ नका. बगलेतलं २५ चं पीआयआर चौकटीपासून निघून थेट भिंतीवरच्या ६० च्या थराच्या खोलीकडच्या पृष्ठभागापर्यंत यायला हवं, म्हणजे ६० च्या थराची कापलेली कड त्यानं झाकली जाते. मधे बॅटन घुसवली तर तिथून विटेपर्यंत सरळ लाकडाचा रस्ता तयार होतो. आधी बगलेचा बोर्ड, मग भिंतीचा बोर्ड त्याच्या कडेवर आणून, कोपऱ्याला पत्र्याची अँगल बीड.

स्क्रू ३२ ते ३५ मि.मी.चे, भिंतीवर दर ३०० वर, खिडकीच्या कोपऱ्यांवर २०० वर. कापलेल्या कडेपासून १३ मि.मी. तरी आत, नाहीतर जिप्समचा चुरा होतो. डोकं कागदाच्या किंचित आत जायला हवं, कागद फाटायला नको.

सदाशिव_खवचट

चहा झाला. एक शंका. पडद्याचा दांडा कशात ठोकणार? साडेबारा मि.मी. जिप्सम, मागे पोकळी, त्यामागे फोम. आमच्या सौ.नी परवा पडदा जरा ओढला तर विटेतली गिट्टी बाहेर आली.

तिरका_ओळंबा

खवचटरावांनी लाखातला प्रश्न विचारला, मी विसरलोच असतो लिहायला. डोक्यावरच्या पट्टीच्या वर, दांड्याच्या उंचीला, बॅटनच्या मधे १८ मि.मी. प्लायवूड बसवून घ्यायचं, खिडकीच्या दोन्ही बाजूंना ३०० मि.मी. तरी बाहेर जाईल असं. प्लाय बॅटनपेक्षा ७ मि.मी. पातळ पडतो, मागे तेवढ्या जाडीच्या पट्ट्या देऊन बॅटनच्या पातळीत आणा. रेडिएटर परत खिडकीखाली लावणार असाल तर तिथेही हेच. बोर्ड लावण्याआधी मीटरपट्टी भिंतीला धरून सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

लीथकर

एडिंबरात आमच्याकडे प्रकरण निराळं आहे. टेनेमेंटच्या, म्हणजे जुन्या बहुमजली चाळवजा इमारतींच्या, भिंती वालुकाश्माच्या, दोन फुटांच्या आसपास, आणि आत मुळातच बॅटनवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर गिलावा. खिडकीच्या बगलेत लाकडी शटर्स घडी होऊन बसतात. ती काढून बोर्ड लावला तर मूळचं काम गेलं, आणि इमारत संरक्षित असली तर परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आम्ही शटर्सच्या पेटीमागे १० मि.मी. एरोजेलची (पातळ असूनही ऊब भरपूर अडवणाऱ्या इन्सुलेशनची) चादर सरकवली. वाहकता ०.०१५ च्या आसपास, महाग आहे, पण बगलांना लागतंच किती! रेडिंगवासी, तुमच्याकडे जिथे २५ बसणारच नाही तिथे, उदाहरणार्थ बिजागऱ्यांच्या बाजूला, एरोजेल चिकटवलेला बोर्ड मिळतो का बघा.

माझा आक्षेप मात्र मूळ निवडीला आहे. शंभर वर्षांहून जुन्या भरीव विटेच्या भिंतीला आतून पीआयआर, म्हणजे वाफबंद पत्रा लावायचा. त्या भिंतीवर पाऊस पडणार, वीट पाणी पिणार, आणि आतल्या बाजूनं वाळायची वाट बंद. शिवाय वीट आधीपेक्षा थंड, म्हणजे बाहेरूनही वाळायला उशीर. लाकडाच्या तंतूंचे बोर्ड लावा, वर चुन्याचा गिलावा. बॅटन नको, प्लास्टरबोर्ड नको, खिडकीच्या बगलेत त्याचेच २० चे पातळ बोर्ड.

तिरका_ओळंबा

लीथकर, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीला मी पण तेच करीन. पण ०.३० गाठायला लाकडी तंतूंचा थर १०० च्या वर जातो, आणि रेडिंग कोरड्या बाजूला आहे. पुढची भिंत कुठल्या दिशेला आहे त्यावर ठरवावं. नैऋत्येच्या पावसाच्या तोंडावर असेल तर तुमचं म्हणणं मान्य.

लीथकर

दिशेइतकंच पन्हाळी, सिलचं पाणी आणि विटांच्या सांध्यांवरही ठरतं. सिमेंटनं सांधे भरलेले असतील तर ते आधी काढून चुन्यानं भरायचे. पीआयआरवाले हा भाग उडवून थेट बोर्ड चिकटवायला लागतात, तिथे मला राग येतो. आणि ०.३० हा काही वेदमंत्र नाही, भिंतीला सोसत नसेल तर नियमच कमी जाडीला वाव देतो. ०.५ वर थांबलात तरी २.१ वरून आलाय. मिळणाऱ्या बचतीतला मोठा वाटा पहिल्या ४० मि.मी.मध्येच मिळतो.

मोगरा_मँचेस्टरी

हे सगळं वाचून सरकारी योजनेतून करून घ्यावं असं कोणाला वाटत असेल तर जरा थांबा. नॅशनल ऑडिट ऑफिसचा (सरकारी खर्च तपासणारी इथली संस्था) ऑक्टोबर २०२५ चा अहवाल बघा: सरकारी योजनांखाली आतून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी सुमारे २९ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे मोठे दोष, आणि बाहेरून केलेल्यांत ९८ टक्के! काम करणारा कोणीही असो, खिडकीच्या बगलांचं चित्र काढून दाखव म्हणावं, मग सही करावी.

नेकरकाठ

आणि इन्सुलेशन केलं म्हणजे वाफ गेली असं नाही. फटी बंद केल्यामुळे उलट ती आत जास्त राहते. इथे भाडेकराराच्या कागदातच कधी कधी लिहिलेलं असतं, दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं वारा खेळवा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातला पंखा चालू स्थितीत हवा. खिडकीवरच्या चौकटीत बारीक झरोके असतील तर बोर्ड लावताना ते झाकले जाणार नाहीत एवढं बघा.

रेडिंगवासी

सगळ्यांचे आभार. पुढची भिंत ईशान्येकडे आहे, मागची नैऋत्येला. त्यामुळे पुढच्या खोलीत ओळंबादादांची पद्धत, मागच्या भिंतीचं लीथकर म्हणतात तसं लाकडी तंतूंनी, तेही पुढच्या वर्षी, आधी पन्हाळी आणि सांधे. तोवर मागची खोली जाड पडद्यांवर.

खिडकीची सिल उरली. भिंत जवळपास १०० मि.मी.नं जाड होणार, म्हणजे आहे ती फळी आखूड पडते. फळीला पुढे तुकडा जोडू का?

रंधा

जोडू नका, सांधा उघडतो. पूर्ण नवी फळी टाका. जुनी काढली की खाली काय आहे ते दिसेल.

तिरका_ओळंबा

खाली बहुधा विटांचे तुकडे आणि पोकळी असेल. साफ करा, २५ चं पीआयआर फोमवर पक्कं बसवा, कडा फोमनं बंद, मग नवी फळी. बगलांचे बोर्ड फळीवर टेकतील असे लावा, म्हणजे तळाची रेघ नीट दिसते. फळी आणि बोर्ड यांच्यात ॲक्रिलिक सीलंटची बारीक रेघ, गिलाव्यानं भरू नका. लाकूड हलतं, गिलावा तुटतो.

आणि पुढच्या खोलीच्या छतातले वासे पुढच्या भिंतीत घुसलेले असतील तर त्यांची टोकं आता थंड विटेत राहणार. वरच्या मजल्याची भिंतीलगतची एक-दोन तळफळी उचलून टोकं बघून घ्या. तिथे पीआयआर ठासू नका, लोकर किंवा लाकडी तंतू घाला, आणि वाशाभोवती हवाबंद टेप, म्हणजे खोलीतली दमट हवा टोकापर्यंत जाणार नाही.

रेडिंगवासी

आज खिडकीच्या डोक्यावरचा गिलावा काढला. बाहेरून विटांची कमान आहे, आतून मात्र लाकडाचं लिंटेल, म्हणजे खिडकीवरचा भार पेलणारी आडवी तुळई, निघालं. पोकर म्हणून स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहिलं. मधे आणि उजवीकडे टणक, डावीकडचं टोक चारेक बोटं मऊ लागतंय, रंगही काळपट. डोक्यावरची पट्टी थेट याच लाकडात स्क्रू करता येईल असा विचार होता.

तिरका_ओळंबा

या घरांत आत लाकडी लिंटेल असणं नेहमीचं आहे, आणि टणक असेल तर स्क्रू तिथे झकास धरतो. पण डावं टोक मऊ आहे म्हणजे पाणी येतंय कुठूनतरी. बाहेर त्याच कोपऱ्यावर कमानीचे सांधे उघडे आहेत का, वर पन्हाळीचा जोड गळतो का, खिडकीच्या चौकटीवरचं सीलंट सुटलंय का, हे क्रमानं बघा. लिंटेलवर वरची वीट बसलेली असते, त्यामुळे ते टोक किती उरलंय हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय त्यावर काहीही झाकू नका आणि उकरूही नका. बाकीची खोली सुरू करा. ही खिडकी उघडी राहू दे.

लीथकर

सांधे निघाले तर सिमेंट नको, एवढं लक्षात ठेवा. आणि ओलाव्याचं मीटर आणा, त्या टोकाला आणि टणक भागाला दोन्हीकडे लावून आकडे इथे टाका. २० टक्क्यांच्या वर असेल तर अजून पाणी येतंय, असं धरून चाला.

रेडिंगवासी

मीटर मागवलंय. पन्हाळीचा जोड बरोबर त्याच कोपऱ्यावर आहे, उद्या शिडी लावून बघतो.